किल्ली कुलपाच्या आत

चिखलदऱ्यात पावसाळा लागला की धुकं खिडकीतून आत येतं आणि वीज जाते. मामांच्या लॉजवरच्या जुन्या डेस्कटॉपवर मीच हौसेनं काली लिनक्स टाकलं होतं. (पावत्या काढायला सुरक्षा-तपासणीसाठीचं काली! पण तेव्हा मला त्याच्या बोधचिन्हातला ड्रॅगन फार आवडायचा.) २०२५ च्या जुलैत अपडेट चालवलं, तर पॅकेजं उतरवून बसवणारं ॲप्ट अडून बसलं: सही तपासायला लागणारी किल्लीच नाही. दारात पर्यटक उभे, मामा मागून विचारतायत, "काहून रे, झालं का?" मी सोर्सच्या ओळीत 'ट्रस्टेड=यस' लिहिलं आणि मोकळा झालो.

म्हणजे चौकीदार ओळखपत्र मागतो म्हणून त्यालाच घरी पाठवलं. पॅकेजांचा माल साध्या एचटीटीपीनं येतो, वाटेत कुणीही बदलू शकतो. रिलीज फाइलवरची सही, त्या फाइलीत याद्यांचे हॅश आणि याद्यांत प्रत्येक पॅकेजचा हॅश, एवढ्या साखळीवरच सगळा भरवसा. पहिली कडी मी तोडली होती, आणि पॅकेजं तर रूटच्या अधिकारानं बसतात.

खरं कारण आठवड्यानं वाचलं. कालीवाल्यांचीच सहीची जुनी किल्ली हरवली होती. चोरी नव्हे, हरवलीच. एप्रिलमध्ये त्यांनी नवी जाहीर केली. नव्या किल्लीचं पॅकेज मात्र कालीच्या त्याच पॅकेज-भांडारात, जे तिच्याशिवाय उघडत नाही. अशा वेळी किल्ल्यांची, म्हणजे की-रिंगची, फाइल त्यांच्या अधिकृत ठिकाणाहून हातानं उतरवायची, फिंगरप्रिंट त्यांच्या घोषणेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा आणि मगच अपडेट. कुठल्या तरी अनोळखी पानावरची किल्ली घेऊ नका. जुन्या लेखांतला 'ॲप्ट-की'चा उपायही सोडा. काली ज्यावर बेतलंय त्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीतून ती आज्ञाच गेली. बाहेरच्या भांडाराची किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवून 'साइन्ड-बाय'नं त्याच भांडारापुरती बांधा. मी तर आठवडाभर न तपासलेला माल बसवला होता, म्हणून सगळं पुसून नव्यानं टाकलं.

दिवाळीत ॲप्ट पुन्हा अडलं. आता मी शहाणा! दोन तास किल्ल्याच धुंडाळल्या. संदेश मात्र वेगळा होता: रिलीज फाइल 'अजून वैध नाही'. शेवटी परतवाड्याच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, तारीख पाह्यली का आंधी?"

तारीख जुलैची होती. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपला होता. वीज गेली की घड्याळ मागं, आणि नेटवरून वेळ घेणं मीच कधीतरी बंद केलेलं. ॲप्टच्या लेखी आजची फाइल भविष्यातली होती. सेल बदलला, वेळ लावली, अपडेट सुरळीत झालं. किल्लीला हातही लावावा लागला नाही.

मामांनी तेवढ्यात त्या आठवड्याच्या पावत्या काढून पाहिल्या. "म्हंजे दिवाळीचे पाव्हणे आपण आखाडात जेवू घातले का रे?"