मद्यविषावरील उताऱ्याची परीक्षा

नशिराबादेहून जळगावच्या रुग्णालयाचा रस्ता फार दूरचा नाही. परंतु अति मद्यपानाने बेशुद्ध पडलेल्या माणसास घेऊन निघालेल्या आप्तांस तो संपता संपत नाही. 'डॉक्टरसाहेब, नशा उतरविणारी सुई द्या,' ही त्यांची पहिली विनवणी असते. अशी सुई खरोखर आहे काय, याचा आम्ही येथे विचार करू.

प्रथम दोन विषांतील भेद जाणला पाहिजे. विषारी दारूत मिथेनॉल असते. यकृतात त्याचे अखेर फॉर्मिक आम्ल बनते, आणि त्यायोगे दृष्टी व प्राण दोन्ही जाऊ शकतात. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली. या विषावर फोमेपिझोल हा खरा उतारा आहे. वेळेवर दिल्यास तो हे आम्ल बनूच देत नाही. नेहमीच्या दारूतील इथेनॉलवर मात्र असा सिद्ध उतारा अद्यापि नाही.

शोध पुष्कळ झाले. १९८० च्या सुमारास, नॅलोक्सोन हे अफूवरील औषध दिल्याने काही मद्यपी शुद्धीवर आल्याचे वैद्यांनी कळविले. तथापि तुलना करून पाहता ती आशा टिकली नाही. कारण यकृत स्वतःच हळूहळू मद्य जाळीत असते. औषधावाचूनही रोगी जागा होतोच. मग श्रेय कोणाचे?

म्हणून खऱ्या परीक्षेत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रोग्यांचे दोन गट पाडतात. शुश्रूषा दोहोंची सारखीच. पण एकास औषध, तर दुसऱ्यास निरौषधी द्रव देतात. कोणास काय मिळाले, हे रोगी व वैद्य दोघांसही ठाऊक नसते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका परीक्षेत मेटाडॉक्सिनने रक्तातील मद्य निम्मे होण्याचा काळ सुमारे पावणेसात तासांवरून साडेपाचांच्या आसपास आला. लाभ खरा, पण सव्वा तासाचा!

शिवाय बेशुद्ध मनुष्य संमती कशी देणार? आपल्या देशातील २०१९ च्या नियमांप्रमाणे नीतिसमितीची मान्यता व रोग्याच्या कायदेशीर प्रतिनिधीची लेखी संमती लागते. असहाय मनुष्य म्हणजे प्रयोगाची वस्तू नव्हे, हेच त्यातील तत्त्व होय.

तोवर आपण काय करावे? बेशुद्धास कुशीवर निजवावे, एकटे सोडू नये, श्वासाकडे लक्ष ठेवावे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लिंबूपाणी वा ताक तोंडात ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन प्राण घेईल. विद्यार्थ्यांनी एवढे घरोघर सांगितले, तरी एखाद्या घरचा दिवा विझावयाचा राहील.