टायरमागचे दगड

उमरी, जि. नांदेड
8 डिसेंबर 2024

चि. गजाननास मामाचे अनेक आशीर्वाद.

नवी मोटारसायकल घेतलीस, आनंद आहे. पण शनिवारी काम सुटलं की नांदेडहून मुदखेडमार्गे रात्रीच घरी येतोस, असं ताई म्हणाली. ते काही मला पटलं नाही.

 

सध्या उसाचा हंगाम आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, रेडियम असलं तरी उसाच्या वाढ्यांआड झाकलेलं. समोरच्यानं अप्पर मारला की क्षणभर काहीच दिसत नाही. ताशी 60 नं निघालास तर त्या एका सेकंदात 17 मीटर पुढं गेलेला असतोस. आपल्या दिव्यात जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. त्याहून जास्त वेग नको. ट्रॉल्यांच्या चाकांनी रानातली काळी माती डांबरावर येते. वर भुरभुर पाऊस झाला की रस्ता साबणासारखा. तिथं पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस.

आता एक गोष्ट, तुझ्या मामीलाही कधी सांगितली नाही. मी ट्रकवर असताना एकदा रात्री टायर फुटला. चाकामागं दोन दगड लावले, टायर बदलला, निघून गेलो. दगड तिथंच राहिले. दुसऱ्या दिवशी परतताना चहाच्या टपरीवर कळलं, पहाटे एक दूधवाला त्यावर आदळून पडला. पाय मोडला होता. ते दगड माझे, हे मी तिथं बोललो नाही. चहाही अर्धाच प्यालो.

म्हणून रस्त्यात दगड दिसला तर उतर आणि बाजूला कर. कुणी पडलेला दिसला तर 108 ला फोन लाव. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आली आहे. हेल्मेटचा पट्टा बांध. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट तुझ्याआधी खाली पडतं.

उशीर झाला तर नांदेडलाच मुक्काम कर, सकाळच्या रेल्वेनं ये. आणि येताना लाल रेडियमचं एक बंडल आण. आपल्या ट्रॉलीलाही मी अजून लावलेलं नाही.

तुझा,
मामा