त्याच वर्गात राहिलेले मूल

केंद्रीय कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवी वा आठवीच्या पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल आता त्याच वर्गात राहते. देहूरोड परिसरात पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे पुष्कळ. शाळा व भाषा बदलल्याने मागे पडलेल्या मुलास मठ्ठ समजणे हा अन्याय होय. हजेरी घेताना ‘नापास’ हा शब्द शिक्षकांनी उच्चारू नये. (नावे ठेवण्यात मुले आधीच तरबेज असतात.) त्यास एकांतात विचारून, भागाकार अडला असेल तर तेथूनच प्रारंभ करावा. खरी लाज वाटते ती मधल्या सुट्टीत, सहावीत गेलेले जुने सोबती भेटतात तेव्हा. त्या वेळी वाचनपेटी त्याच्या स्वाधीन करावी. वडील त्यास कामावर धाडू म्हणाल्यास, प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत शाळेतून कोणत्याही मुलाचे नाव काढता येत नाही, हे त्यांना घरी जाऊन सांगावे.