थाइमची काडी

चि. मनूस,


‘पदार्थात थाइम जाणवतसुद्धा नाही, मग घालायचा कशाला?’ हा तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. शाळेत सांगतील ते मुकाट्यानं वहीत उतरवणारी मुलं चांगली स्वयंपाकी होत नाहीत. उत्तर मात्र तुझ्या शेफच्या बाजूचं आहे. फ्रेंच रश्श्यात थाइम वेगळा ओळखू आला, म्हणजे तो जास्त पडला.

आपल्याकडे कढीपत्ता ताटापर्यंत येतो, खाणारा तो बाजूला सारतो आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. तू शिकतेस त्या लियोंत हे काम खाणाऱ्यावर सोपवत नाहीत. बुके गार्नी, म्हणजे वासाच्या पाल्याची जुडी, दोऱ्यानं बांधतात ती याचसाठी. लीकच्या हिरव्या पातीत थाइमच्या दोन-तीन काड्या, लॉरेलचं एक पान आणि पार्स्लीचे डेठ. डेठच घे, पानं नकोत. डेठांना वास भरपूर असतो आणि रस्सा हिरवट होत नाही. दोरा लांब ठेवून पातेल्याच्या कानाला बांध, म्हणजे तीन तासांनी पळी घालून शोधाशोध करायला नको. प्रमाण हवं असेल तर फ्रेंच शेफ एस्कॉफिएचं पुस्तक काढून बघ. त्याच्या ग्रंथाच्या 1907च्या इंग्रजी आवृत्तीत बुकेचे दहा भाग धरले, तर आठ पार्स्लीचे, एक लॉरेलचा आणि एकच थाइमचा आहे. मला ते प्रमाण आजही पटतं. (लॉरेल म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे. तमालपत्र दालचिनीच्या जवळच्या नात्यातलं, वासही तसाच. ताईनं सामानात बांधून दिलेली पुडी पुलावासाठी राख.)

थाइमच्या वासात मोठा वाटा थायमॉलचा असतो. ते पाण्यात फारसं उतरत नाही, स्निग्धात उतरतं. म्हणून कांदा, गाजर लोण्यावर परततानाच एक काडी टाकावी. तारागॉन, चाइव्ह, शर्वील ही नाजूक पानांची मंडळी शेवटी येतात; थाइम त्यांच्या पंगतीतला नाही. बदकाच्या कोंफीला तो मिठाबरोबर रात्रभर लावतात आणि शिजवण्याआधी मिठासकट काढून टाकतात. तिथंही काम झालं की तो बाहेर.

आता थोडं वर्गाबाहेरचं. थाइमची प्रत्येक जुडी सारखी नसते. मोंपेलिएच्या उत्तरेला सें-मार्तां-द-लोंद्र नावाचं गाव आहे. त्याच्या भोवतीच्या खोलगट प्रदेशात हिवाळ्यातली थंड हवा तळाशी साचून राहते. तिथल्या रानथाइमवर संशोधकांनी पुष्कळ काम केलंय. वरच्या कोरड्या, उबदार उतारांवरच्या झुडपांत थायमॉल किंवा कार्व्हाक्रॉल असतं. ती पानं जिभेला चरचरतात. पण या द्रव्यांची झुडपं कडक गारठ्यात तग धरत नाहीत. म्हणून तळाकडे लिनालूल, जेरॅनिऑल असल्या मवाळ वासांची झुडपं वाढतात. जात तीच, अंतर काही किलोमीटरांचं, आणि वास मात्र पार वेगळा! त्या भागात असे एकूण सहा प्रकार आढळतात. तेव्हा ‘तीन काड्या’ हे पुस्तकातलं माप झालं. जुडी हातात आली की दोन पानं बोटांत चुरड, हुंग आणि मग किती घालायचं ते ठरव. वास तिखट असेल तर एक काडी कमी कर.

वाळका थाइम वाईट नाही. वाळल्यावरही वास टिकवणाऱ्या थोड्या पानांतला तो एक. ताज्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका पुरे. पूड मात्र नको. ती कितीही बारीक गाळणीतून निसटते, आणि ब्लांकेतच्या पांढऱ्या रश्श्यात काळसर ठिपके घेऊन ताटली गिऱ्हाइकापुढे जाते. बुर्गिन्यों लाल वाइनमधलं, लपवून घेणारं. तिथं थोडं इकडंतिकडं चालतं. ब्लांकेतमध्ये नाही.

तव्यावरच्या मांसावर फेसाळतं लोणी चमच्यानं ओतताना काडी आणि ठेचलेला लसूण अगदी शेवटच्या दोन मिनिटांत टाक. काडी कोरडी हवी, नाहीतर लोणी हातावर उडेल. आधी टाकलीस तर पानं करपतात आणि कडवटपणा सगळ्या लोण्यात उतरतो. मग ते लोणी फेकायचं, वाचवायला बघायचं नाही.

सुटीत घरी येऊन काही रांधलंस तर ताई विचारेल, ‘यात ओवा आहे का गं?’ तिचं नाक चुकत नाही, ओव्यातही थायमॉलच असतं. तरी थाइम मिळाला नाही म्हणून ओवा घालू नकोस. त्याचा झणका रश्श्यात मुरत नाही, शेवटपर्यंत वेगळा राहतो. त्यापेक्षा थाइमशिवाय कर.

वसंतात जमलं तर एखाद्या रविवारी रेल्वेनं मोंपेलिएला जाऊन ये. त्या भागातल्या माळरानाला तिकडे ‘गारीग’ म्हणतात. चुनखडीच्या खडकांतून उगवलेली ती खुरटी झुडपं प्रत्यक्ष हुंगून ये. तोडायचं झालं तर आधी स्थानिकांना विचार, काही ठिकाणी त्याला नियम आहेत. परवानगी असली तरी झुडूप उपटू नकोस, कात्रीनं कोवळे शेंडे तेवढे घे आणि मूठभरावर थांब.

तुझा,
मामा