काळ्या गाईस तांबडें वासरूं

होल्स्टीन जातीच्या काळ्या-पांढऱ्या गाईस तशाच वळूच्या रेतापासून कधीं कधीं तांबडें-पांढरें वासरूं होतें. माझ्या गोठ्यांत अशी कालवड झाली, तेव्हां रेत बदललें असें समजून मी रेतन करणाऱ्यास नाहीं नाहीं तें बोललों. सारी नोकरी दफ्तरांत घालवूनहि पुराव्यावांचून निकाल दिला!

खरा प्रकार असा. प्रत्येक जनावराच्या अंगीं रंगाचीं दोन बीजें असतात. एक आईचें, एक बापाचें. काळें प्रबळ, तांबडें दुर्बळ. दोन्ही एकत्र असतां अंग काळेंच दिसतें. तांबडें बीज सात-बाऱ्याच्या इतर हक्कांतील नोंदीप्रमाणें दडून राहतें. अशा दोन जनावरांच्या संततींत सरासरी चारांत एक तांबडें निपजतें. मेंडेलनें वाटाण्यांवर केलेला हा हिशेब १८६६ सालीं प्रसिद्ध झाला.

कित्येक जाणते काळ्या गाईचे तांबूस केंस दाखवून दडलेलें बीज ओळखूं पाहतात. त्यावर विसंबूं नये. उन्हानें काळे केंस तांबूस होतात. चाऱ्यांत तांबें कमी पडल्यासहि होतात, व तेव्हां उपचार करावा लागतो. कांहीं वासरें तांबडीं जन्मून पुढें काळीं होतात व पाठीच्या कण्यावर आणि मुसकटाभोंवतीं तांबूस छटा राहते. पण ती निराळ्याच बीजाची खूण होय.

खात्री केसांच्या मुळांच्या प्रयोगशाळेंतील तपासणीनें होते. अथवा वळूचा संयोग तांबड्या गाईंशीं करावा. बीज दडलेलें असूनहि ओळीनें सात वासरें काळीं होण्याचा संभव १२८ त एक.

रेतन करणाऱ्याची मी घरीं जाऊन क्षमा मागितली. कालवड विकली नाहीं.