तेहतीस पानांचा संगणक

यंदा मंडईला आमच्या घरी वडशाला आईचे काका आले होते. मी त्यांना आबा म्हणते. त्यांच्या पिशवीत एक जुनी वही होती. तिच्यावरून हा लेख लिहिला आहे.

आबा अकरावीत असताना त्यांच्या शाळेत बी.बी.सी. मायक्रो संगणक आला. तो इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीने १९८१ साली काढला. आपल्या सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' योजना सुरू करून सुमारे २५० शाळांना हे संगणक दिले. बटणांची पेटी हाच संगणक! दिसायला टी.व्ही. जोडायचा आणि लिहिलेले जपायला कॅसेटचा टेप.

तो आठ बिटचा होता. बिट म्हणजे एक घर, त्यात ० नाहीतर १. आठ घरांची एक बाइट. आठ वेळा २ मांडून गुणाकार केला तर २५६ येतात, एवढ्या तऱ्हा. (मी पाटीवर करून पाहिले.) एका बाइटमध्ये इंग्रजीचे एक अक्षर राहते. याची स्मृती ३२ के, म्हणजे ३२ × १०२४ = ३२,७६८ बाइट. माझ्या वहीच्या पानावर हजार अक्षरे धरली तर जेमतेम तेहतीस पाने! त्यातही खूप रंगांचे चित्र पाहिजे असेल तर २० के पडद्यालाच लागत.

संगणक एक आणि मुले पुष्कळ. म्हणून आबा आधी वहीत लिहीत. एकदा पाळी आली, सगळे टाइप झाले, टेपवर घ्यायचे राहिले. आबा सांगतात, "लाइन गेली अन् सारं पुसल्या गेलं. वही होती म्हणून वाचलो."

वहीतल्या आज्ञा इंग्रजीत आहेत. मी आपल्या अक्षरांत लिहिते.

१० फॉर आय = १ टू १०
२० प्रिंट ७ × आय
३० नेक्स्ट आय

दहावी ओळ मोजायला लावते, विसावी सातने गुणून दाखवते, तिसावी पुढच्या आकड्यासाठी परत पाठवते. ओळींना दहा-दहाने नंबर, कारण विसरलेली ओळ मध्ये १५ नंबर देऊन घालता येते. हे मला फार आवडले.

मधल्या सुट्टीत आम्ही तिघी या तीन ओळी झालो. तिसावी ओळ पाणी प्यायला गेली, तर सात एकदाच आले आणि पाढा थांबला. संध्याकाळी आबांना फोन केला. ते म्हणाले, "यंत्रातही तसंच होते, पोरी."

दुसऱ्या दिवशी तिला आधीच पाणी पिऊन यायला सांगितले. पाढा सत्तरपर्यंत गेला.