म्हाताऱ्या माणसाचं गळू

बापू, घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाला कुठं खरचटलं नाही, काटा रुतला नाही, अन् तरी मांडीवर, पाठीवर नाहीतर मानेशी गरम, दुखरी सूज आली, तर आधी मागचे काही आठवडे आठव. ताप येऊन गेला होता का? जुलाब झाले होते का? पंगतीचं उरलेलं वरण सकाळी नुसतं कोमट करून खाल्लं होतं का? हे डॉक्टरला आपणहून सांग. गळवासाठी गेलेल्याला पोटाचं कोणी विचारेलच असं नाही.

शिळ्या अन्नातून, कच्च्या अंड्यातून, घाण पाण्यातून साल्मोनेला जातीचे जंतू पोटात जातात. टायफॉइडचा जंतू त्यांतलाच. जठरातलं आम्ल त्यांतले पुष्कळ मारतं. पण म्हातारपणी रोजची ॲसिडिटीची गोळी, वाढलेली साखर, सांधेदुखीसाठी घेतलेलं स्टिरॉइड, यांनी अंगाची राखण ढिली पडते. मग जंतू आतड्यातून रक्तात उतरतो अन् स्नायूत घर करतो. क्वचित होतं, पण जुलाब थांबल्यावर बऱ्याच दिवसांनीही होतं. साधं गळू बहुधा कातडीवरच्या जंतूंचं असतं, त्याची गोळी याला लागू पडेलच असं नाही. म्हणून पू निघाला की तो कल्चरला पाठवा म्हण, जमलं तर अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी. गावात सोय झाली नाही तर अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात ने. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मात्र देऊ नको.

हळद-चुन्याचा लेप लावून वाट पाहू नको, दाबून-पिळून तर मुळीच पाहू नको. लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढ, बाजूला वेळ लिही अन् त्याच दिवशी दाखव. लाली रेघेबाहेर सरकत असेल, पाण्याचे फोड आले, कातडी काळी पडली किंवा दिसतं त्याहून दुखणं फार असेल, तर रात्र काढू नको. म्हाताऱ्यांना ताप चढतोच असं नाही. जेवण सुटणं, बरळणं, दिवसा झापड येणं, हीसुद्धा तापाइतकीच मोठी खूण धर.

मासोळी साफ करताना काटा बोटात गेला, तरी हेच. कॅनडात टोरांटोला १९९५-९६ च्या हिवाळ्यात टिलापिया साफ करणाऱ्या वयस्क माणसांचे हात असेच सुजून लाल झाले होते. जंतू माशाचा निघाला, स्ट्रेप्टोकॉकस इनिआय. तसंच गाभडलेल्या गाईचं वासरू उघड्या हातानं ओढून काढू नको, त्यातून लिस्टेरिया नावाचा जंतू कातडीत शिरू शकतो. हातमोजे गोठ्यातच टांगून ठेव.

हाच लिस्टेरिया फ्रिजच्या गारव्यातही वाढतो, तेव्हा फ्रिजमधलं वरण खदखदा उकळल्याशिवाय म्हाताऱ्यांना वाढू नको. पाण्यालाही तसंच जप. आपल्या खारपाणपट्ट्यात गोडं पाणी साठवावंच लागतं. पिंपावर झाकण अन् दांड्याचं ओगराळं पाहिजे, आत हात घालायचा नाही. अन् रोडग्याची पंगत असली की आजीचं ताट पहिल्या पंक्तीला, भाजी चुलीवरून उतरल्याबरोबर.